आठ गुलाम पाहिजेत

"आठ गुलाम पाहिजेत," पेंढारकर सर म्हणाले.

सायकल मांडीशी टेकवून ते आमच्या वस्तीच्या तोंडाशी, नगरपालिकेच्या दिव्याच्या खांबापाशी उभे होते. त्या खांबाच्या अलीकडे ते कधी आले नव्हते आणि त्या संध्याकाळीही आले नाहीत. त्यांच्यासमोर माझे थोरले भाऊ, हणमंतदादा, उभे होते. दादांच्या मागे मी होतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, आणि दादांच्या मागे उभं राहणं हेच माझं तेव्हाचं मुख्य काम होतं.

"कसले गुलाम, सर?" दादांनी विचारलं.

"अमेरिकेतले. यंदा मंडळाचा जिवंत देखावा लिंकनवर आहे. गुलामांची मुक्तता. आबासाहेबांना काहीतरी आंतरराष्ट्रीय हवंय."

साल चौऱ्याहत्तर. निंबसर हे आमचं तालुक्याचं गाव. गावात दोन गणपती मंडळं होती आणि त्यांच्यातलं वैर गणपतीलाही माहीत होतं. पलीकडच्या मंडळाने आदल्या वर्षी अफझलखानाचा वध करून जिल्ह्याचं बक्षीस नेलं होतं. त्यामुळे आमच्या मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब मोरबाळे यांना यंदा खानापेक्षा लांबचा माणूस हवा होता. आबासाहेब गावातल्या हायस्कूलचेही अध्यक्ष होते. त्या हायस्कुलात पेंढारकर सर चित्रकला शिकवत आणि दादा इतिहास. फरक इतकाच, की पेंढारकर सर कायम होते आणि दादा हंगामी. दर एप्रिलात दादांना कमी करत आणि जूनमध्ये पुन्हा घेत. हे चार वर्षं चाललं होतं. मे महिन्यात दादा काय खातात, हा प्रश्न संस्थेच्या अखत्यारीत येत नव्हता.

"पेठेत पोरं आहेत की," दादा म्हणाले.

"आहेत. पण ज्याला त्याला लिंकन व्हायचंय. गुलाम व्हायला कुणी तयार नाही. आईवडील भांडायला येतात." सर थोडे हसले. "आणि तुमच्या पोरांच्या तोंडाला बूट पॉलिशही कमी लागेल."

सर मनाने चांगले होते, म्हणून त्यांनी हे हसून म्हटलं. दादाही हसले. ते हंगामी होते.

जाता जाता सर हळू आवाजात म्हणाले, "आबासाहेब बोललेत. देखावा पार पडू दे, मग सरवदे, तुमच्या कायमच्या ऑर्डरचं बघू. विसर्जनानंतर लगेच."

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळी वस्ती जमली. लिंबाजीतात्या सर्वांत पुढे बसले होते. छप्पन साली ते नागपूरला पायांत वहाणा नसताना गेले होते, दीक्षा घेऊन परत आले होते, आणि आल्यावर पहिलं काम म्हणून त्यांनी घरोघरचे देव गोळा करून नदीत सोडले होते.

"हणमंता," तात्या म्हणाले, "तिथं आपन काय बोलून आलो? कुठल्या देवाला मानायचं न्हाई म्हनून बोललो? त्यात गनपतीचं नाव व्हतं का न्हवतं?"

"होतं."

"आन आता त्येच्याच मांडवात नाचायचं?"

"नाचायचं नाही तात्या. गुलाम व्हायचंय."

"मग तर लईच झ्याक झालं!"

पोरं हसली. दादा मात्र समजावण्याच्या सुरात बोलले. वर्गात ते असंच बोलत आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसत. "गणपतीपुढे उभं राहायचं नाही, लिंकनपुढे राहायचं. तो माणूस आपल्या बाजूचा होता. गावाला हे समोर दिसू दे. पुस्तकातनं सांगून चार वर्षं झाली."

"आन लिंकनच्या मागं कोन बसनार हाय?"

उत्तर आमच्या आयने दिलं. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती.

"लिंकनच्या मागं माझ्या ल्येकाची नोकरी बसलीया, तात्या. तुमी नगा बघू तिकडं."

तात्या उठले, धोतर झटकलं आणि गेले. सात पोरं जमली, त्यांत मी. आठवा मिळेना, म्हणून दादा स्वतःच वृद्ध गुलाम झाले. तेव्हा त्यांचं वय तीसही नव्हतं.

जिवंत देखावा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो. यात माणसं असतात, पण ती बोलत नाहीत. बोलणं आधीच टेपवर भरलेलं असतं. आपण फक्त ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे. खेळ दहा-पंधरा मिनिटांचा असतो, तो संपला की पडदा पडतो, टेप मागे फिरवतात, आणि नव्या गर्दीसाठी तेच पुन्हा. पेंढारकर सरांनी सगळी टेप कोल्हापुरात भरून आणली होती. लिंकनला आवाज त्यांनी स्वतः दिला होता. सरांना बाराही महिने सर्दी असे, त्यामुळे आमचा लिंकन नाकात बोलत असे.

खेळ असा होता. पडदा उघडला की कापसाचं शेत, त्यात आम्ही आठ जण. जिनिंगमधून आणलेला खरा कापूस वेचायचा. मळेवाला हंटर उडवायचा. मग बिगूल वाजायचा आणि लिंकन यायचा. लिंकन होता आबासाहेबांचा मुलगा रणजित. गावात सहा फुटांच्या वर तोच एक होता. पुठ्ठ्याची उंच काळी टोपी, तागाची दाढी, आबासाहेबांचा लग्नातला कोट. त्याने जाहीरनामा वाचायचा आणि आमचं कुलूप उघडायचं. साखळी खणकन खाली पडली की आम्ही आठही जणांनी त्याच्या पायांवर लोटांगण घालायचं. तेवढ्यात मागचा पडदा सरके, रंगीत दिवे गणपतीवर फिरायला लागत, आणि गर्दी मोरया म्हणे. म्हणजे लोटांगण लिंकनला सुरू होई आणि गणपतीला पोचे. तात्यांनी हे न बघताच ओळखलं होतं.

तालमीत दादा सरांना म्हणाले, "सर, हा शेवट बदलता येईल का? लढाई संपत आली तेव्हा लिंकन रिचमंड शहरात गेला होता. सुटलेले गुलाम त्याच्यापुढे गुडघे टेकायला लागले. तो म्हणाला, माझ्यापुढे टेकू नका. असं लिहून ठेवलेलं आहे."

सर खरंच खूश झाले. "वा! काय प्रसंग आहे! आधी सांगायचं नाही का, सरवदे? आता टेप झाली. आता खुद्द लिंकन आला तरी त्यात बदल होणार नाही."

साखळी आबासाहेबांच्या गोठ्यातली होती. बैलांच्या चार साखळ्या एकात एक अडकवून एक लांब केली होती. प्रत्येकाच्या कमरेला एक वेढा आणि शेवटी दादांच्या पोटाशी पितळी कुलूप. ती घालायला इतका वेळ लागे, की दोन खेळांच्या मध्ये आम्हाला मोकळं ठेवत नसत. पडदा पडला की लगेच पुन्हा वेढे घालून रणजित कुलूप लावी. आम्ही सुटत होतो ते फक्त लोकांसमोर, आणि तेही जेमतेम मोरया होईपर्यंत.

मागे, पडद्याआड, मंडळाचा माठ होता. पहिल्या दिवशी आमच्यातला शिवराम तहानेने उठला, माठाकडे गेला, आणि साखळीमुळे आम्ही सातही त्याच्यामागे ओढले गेलो. मळेवाल्याचं काम करणारा औषध दुकानदाराचा पोरगा ओरडला, "ए, ए! हात लावू नका!" रणजितने त्याला गप्प केलं. रणजित वाईट नव्हता. त्याने स्वतः तांब्या बुडवला आणि म्हणाला, "बसा. मी देतो."

आम्ही ओंजळी पुढे केल्या. तो वरून पाणी ओतू लागला. डोक्यावर टोपी, गालांवर दाढी, अंगात कोट.

"सर, हात थोडे खाली धरा," तो दादांना म्हणाला. "शिंतोडे उडतात."

दहावीपर्यंत दादांनीच त्याला इतिहास शिकवला होता. त्याच्या लिंकनच्या धड्यावरच्या उत्तराला त्यांनी चांगले मार्क दिले होते. दादांनी हात खाली धरले.

हे रोज होत होतं. लिंकन आम्हाला समोर मुक्त करी आणि मागे वरून पाणी पाजी. मला त्याची इतकी सवय झाली, की पुढे कित्येक वर्षं लिंकनचं चित्र दिसलं की मला तहान लागायची.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी जिल्ह्याहून परीक्षक आले. तीन खुर्च्या, तीन हार. आबासाहेब शेजारी बसले होते. गर्दी पार पोस्टापर्यंत गेली होती. आमची वस्तीही आली होती आणि नेहमीच्या जागी, म्हणजे सगळ्यांच्या मागे, उभी होती. आबासाहेब खेळाच्या आधी आत डोकावले. "नीट करा रे पोरांनो. हणमंता, तुझं काम मी टेबलावर काढून ठेवलंय. सही तेवढी राहिलीय."

दादांनी मान डोलावली. गावात सगळे मास्तर 'सर' होते. दादा आबासाहेबांचे 'हणमंता' होते.

खेळ छान रंगला. कापूस उडाला, हंटर कडाडला, बिगूल वाजला. लिंकन आला. त्याने कागद उघडला, नाकातून आवाज आला, "आजपासून या देशातला एकही माणूस..." आणि वीज गेली.

टेप एकदम थांबली नाही. आवाज जाडा होत, घरंगळत गेला आणि मग बंद पडला. अंधारात गर्दी हसली. कोणीतरी शिट्टी मारली. "लिंकन ग्येला!" कुणी ओरडलं. थोड्या वेळाने दोन पेट्रोमॅक्स आले आणि रंगमंचाच्या दोन कडांना ठेवले गेले. रणजित मध्यभागी उभा होता, कागद हातात. कागदावर काहीच नव्हतं, मागे किराणा दुकानाची जाहिरात होती.

"बोल की!" विंगेतून पेंढारकर सर कुजबुजले. "बोल, बोल!"

रणजितने तोंड उघडलं. एवढ्या दिवसांत त्याने ओठ हलवले होते, शब्द कधी ऐकले नव्हते. तो कोटाचे खिसे चाचपू लागला. परीक्षकांपैकी एकाने घड्याळ पाहिलं. आबासाहेबांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या.

तेव्हा दादा बोलले.

"आजपासून या देशातला एकही माणूस दुसऱ्या माणसाची मालमत्ता असणार नाही."

वर्गातलाच आवाज. मोठा नव्हता, पण पोस्टापर्यंत गेला. सगळा जाहीरनामा त्यांनी म्हटला, एक शब्द न चुकता. रणजित त्यांच्या तोंडाकडे बघत खिसे चाचपत होता. जाहीरनामा संपला. इथे कुलूप उघडायचं आणि टेपवर ढोल वाजायचे. ढोल नव्हते, कुलूप उघडलं नव्हतं, पण गुडघ्यांना सवय लागली होती. आम्ही सात जण वाकायला लागलो. माझा एक गुडघा टेकलासुद्धा होता.

"उठा," दादा म्हणाले.

आम्ही थांबलो.

"उठा. पाया पडू नका. तुम्हाला कुणी काही दिलेलं नाही. जे तुमचंच होतं, ते अडवून ठेवलं होतं, एवढंच. अडवणाऱ्याने हात काढला तर त्याचे आभार मानायचे नसतात."

हे रिचमंडमध्ये कोणी बोललं नव्हतं. हे दादांचं होतं. त्यांच्या पोटाशी कुलूप तसंच होतं, आणि बोलताना त्यांनी एक हात त्यावर ठेवला होता, जसं आपण पोट दुखलं की ठेवतो.

पहिली टाळी मागून आली. आमच्या वस्तीची. ऐकलं तेव्हाच मला कळलं, की ती यायला नको होती. मग परीक्षकांनी वाजवल्या, त्यांचं पाहून पेठेने वाजवल्या. आबासाहेबांनीही वाजवल्या, सगळ्यांत शेवटी, तीनदा. पेंढारकर सरांनी पडदा टाकला.

आबासाहेब मागे आले. आवाज चढलेला नव्हता.

"छान बोललात," ते म्हणाले. "छान बोललात, सरवदे सर."

एवढंच. मग त्यांनी रणजितचा दंड धरला. "चल. आरतीला परीक्षक थांबलेत."

"बाबा, किल्ली..." रणजित म्हणाला.

"चल."

तो गेला. दाराशी त्याने एकदा मागे पाहिलं. बाहेर आरती सुरू झाली. मळेवाला हंटर खांद्यावर टाकून गेला. पेंढारकर सर आमच्याजवळ थांबले, आणि टेपरेकॉर्डर उचलून गेले. आरती संपली, प्रसाद वाटून झाला. आमच्याकडे कोणी आलं नाही.

"चला घरी," दादा म्हणाले.

"असं?" शिवराम म्हणाला.

"मग कसं?"

आम्ही एका रांगेत निघालो. मागची गल्ली होती, पण दादा पेठेतून चालू लागले आणि ते पुढे असल्यामुळे आम्हाला दुसरा विचार करता येईना. लोकांना वाटलं, देखाव्याचाच भाग आहे. दुकानांतून लोक बाहेर आले. कोणी वा वा केलं. एका बाईने आपल्या पोराला उचलून दाखवलं, "बघ, अमेरिकेचे गुलाम!" कोणीतरी आमच्या अंगावर गुलाल टाकला.

वस्तीत सायकलवाल्या बाबूने करवत आणली. दादांनी त्याला थांबवलं. "तोडू नकोस. आबासाहेबांची वस्तू आहे, उद्या नुकसान केलं म्हणतील. सकाळी किल्ली येईल. मुलगा चांगला आहे."

"हणमंता, करवत चालवू दे," लिंबाजीतात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला भीती वाटली.

"तात्या, माझी ऑर्डर टेबलावर आहे."

तात्यांनी आमच्या ओट्यावरच अंग टाकलं. आम्ही आठ जण भिंतीला पाठ लावून बसून राहिलो. आयने एकेकाला भाकरी दिली.

सकाळी किल्ली आली नाही, हवालदार आला. मंडळाची तक्रार होती. बैलांच्या चार लोखंडी साखळ्या आणि एक पितळी कुलूप हणमंत सरवदे व इतर सात जणांनी मंडपातून चोरून नेलं. हवालदाराने आमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "चला."

त्याला बेड्या काढाव्या लागल्या नाहीत.

आम्ही कोठडीत असताना निकाल लागला. मंडळाला दुसरं बक्षीस आणि वृद्ध गुलामाच्या भूमिकेला अभिनयाचं खास पारितोषिक मिळालं. गुलाम अस्सल वाटला, असा परीक्षकांनी शेरा दिला. दादांच्या वतीने ते आबासाहेबांनी स्वीकारलं. चोरीचा खटला चालू असलेल्या माणसाला शाळेत कसं ठेवणार, हे संस्थेने फार दुःखाने कळवलं. ऑर्डर टेबलावरून कुठे गेली, ते कोणी कळवलं नाही.

खटला रेंगाळला. मध्ये आणीबाणी येऊन गेली, आमची तारीख मात्र येऊन जात नसे, ती फक्त पुढे जाई. दादा जकात नाक्यावर लागले. ट्रकवाल्यांच्या पावत्या फाडत. वर्गातला तो आवाज हळूहळू गेला. आय म्हणायची, घसा धरलाय. आय गेली तरी घसा सुटला नाही.

एकोणऐंशी साली नवीन मॅजिस्ट्रेट आले. त्यांनी हवालदाराला विचारलं, "मुद्देमाल कुठे सापडला?"

"आरोपींच्या अंगावर, साहेब."

"अंगावर म्हणजे?"

"बांधलेला, साहेब."

"कुलूप लावलेलं?"

"जी."

"आणि किल्ली?"

हवालदाराने आबासाहेबांकडे बघितलं. "फिर्यादीकडं, साहेब."

कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट हसले, वकील हसले, शिवरामही हसला. मीही हसलो. आम्ही सगळे निर्दोष सुटलो, आणि साखळ्या मालकाला परत देण्याचा हुकूम झाला. दादा हसले नाहीत. ते आबासाहेबांकडेही बघत नव्हते. ते मेजावर ठेवलेल्या कुलपाकडे बघत होते.

बाहेर व्हरांड्यात रणजित आमच्यामागे आला. आता त्याचं पोट सुटलं होतं, खादी आली होती. जिल्हा परिषदेचं तिकीट त्याला मिळाल्याचं गावभर होतं.

"सर," तो म्हणाला, "झालं गेलं ते बाबांचं. माझ्या मनात काही नव्हतं."

"माहीत आहे," दादा म्हणाले.

"एक काम होतं. परवा माझी पहिली सभा आहे. त्या दिवशी तुम्ही जे बोललात ना सर, पाया पडू नका वगैरे... ते लिहून द्याल? लोकांना फार आवडलं होतं. अजून आठवण काढतात."

"लिहून कशाला? तू समोरच उभा होतास. पाठ झालं असेल."

रणजितने खाली पाहिलं. "मी ऐकत नव्हतो, सर. मी किल्ली शोधत होतो."

"सापडली होती?"

"हो," रणजित म्हणाला. "तेव्हाच सापडली होती."

मग दादा घसा खाकरत म्हणाले, "देतो लिहून. तहान लागलीय रणजित. आधी पाणी दे."

व्हरांड्यात कोर्टाचा माठ होता, वर साखळीने बांधलेला तांब्या. रणजितने लगबगीने तांब्या भरला, साखळी ताणून दादांसमोर आला, आणि तांब्या उंच धरला. त्याच्या ध्यानातही आलं नसावं. हाताला वळण होतं.

दादांनी ओंजळ केली नाही. त्यांनी एक हात पुढे केला, तांब्या धरायला करतात तसा, आणि तसेच उभे राहिले.

रणजितने त्या हाताकडे पाहिलं. मग व्हरांड्यातल्या माणसांकडे पाहिलं. वकील होते, पक्षकार होते, पेठेतले चारजण होते, आणि खांबाशी आबासाहेब होते. तांब्या कलला होता, त्यातून पाण्याची बारीक धार फरशीवर पडत होती. मी ती संपेपर्यंत पाहिली.

दादांनी हात मागे घेतला. "चल उत्तम," ते मला म्हणाले.

रणजित मोठ्या मतांनी निवडून आला. त्या भाषणाशिवाय.